आधीचा आकडा

नोकरीला लागून तीन वर्षं झाली तेव्हा मी अलिबागला एका लग्नाला गेलो आणि पहिल्यांदा निवांत समुद्र पाहिला. समुद्राचा तळ मात्र तोवर रोज माझ्या हाताखालून जात होता. साजगावच्या आमच्या लॅबमध्ये तो बर्फाच्या पेट्यांतून यायचा, काचेच्या बरण्यांत भरलेला, काळा, लोण्यासारखा मऊ आणि नासक्या अंड्याच्या वासाचा. कुठे नवा धक्का बांधायचा असला किंवा तळाखालून पाइप न्यायचा असला, की काम सुरू होण्याआधी बोट जाऊन ठरलेल्या जागांवरचा गाळ उचलून आणते. त्या गाळात तेलाचा अंश किती आहे हे आम्ही मोजायचं. उद्या तिथे खरंच तेल सांडलं तर ‘हे आधीपासूनच होतं’ असं कुणाला म्हणता येऊ नये, आणि सांडलं नसेल तर उगाच कुणावर बालंट येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. कागदावर त्याला बेसलाइन म्हणतात. आमच्याकडे काच धुणारे काका त्याला ‘आधीचा आकडा’ म्हणत.

काका साजगावचेच. पंचावन्नच्या पुढचे, अंगाने काटक. सोळा वर्षं लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये काढली, मिल बंद पडली आणि ते आमच्याकडे आले. काच धुणं म्हणजे भांडी घासणं असं ज्याला वाटतं त्याने आमच्याकडे एक दिवस काढावा. आधी साबण, मग पाणी, मग रसायन, आणि शेवटी सहा तास भट्टी, इतकी तापलेली की काचेवर बोटाचा ठसा राहिला असला तरी जळून जावा. गाळात जे शोधायचं ते इतकं थोडं असतं, की मोजणाऱ्याच्या केसातलं तेल आकडा फिरवू शकतं. म्हणून कामाच्या दिवशी काका डोक्याला तेल लावत नसत. रविवारी मात्र चापून लावायचे.

आणि मी. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. माझा राग हातात असतो. डोक्याला कळायच्या आत हात गेलेला असतो आणि मग डोकं मागून कारणं गोळा करत येतं. हे वारशाने आलं असं म्हणून मी पुष्कळ वर्षं अंग काढून घेतलं. वडिलांनी एकदा अडून बसलेल्या बैलाला जूच्या शिवळेने, म्हणजे जोखडातल्या लाकडी खुंटीने, असा झोडपला की शिवळ मोडली. मला हसू आलं, तर उरलेल्या तुकड्याने माझी पाठ फोडली. मी तेव्हा सातवीत होतो. पुढे कॉलेजात कबड्डी खेळताना मी एकाचं नाक फोडलं, खेळ संपल्यावर. लॅबमध्ये एकदा जोड बसत नाही म्हणून काचेची नळी भिंतीवर फेकली. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या मुख्य, त्यांनी तेव्हा मला खोलीत बोलावून सांगितलं की पुढची वस्तू फेकलीस तर मागोमाग तूही बाहेर जाशील. वस्तूच, असं त्या म्हणाल्या होत्या. माणसाचं त्यांच्या मनात आलं नसावं.

त्या चैत्रात आमच्याकडे एका धक्क्याचं काम आलं होतं. बारा जागांचा गाळ. त्याच आठवड्यात पोशीरला, माझ्या गावी, आमचा राब भाजायचा होता. भाताचं रोप जिथे वाढवायचं त्या वाफ्यावर शेण, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, मग पालापाचोळा आणि गवत, आणि वरून मातीचा पातळ थर. हे सगळं वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे ते भडकत नाही, धुमसत जातं. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. पगाराची नोकरी असली तरी हे काम मी सोडलेलं नाही. वर्षातून तो एक दिवस मला माझ्या शेताची ओळख राहते.

वाफ्याला काडी लावली आणि सहज वर पाहिलं, तर बांधाजवळचं आमचं ऐनाचं झाड पार बोडकं. शेंड्याला चार पानं. सगळी कवळ चुलतभावाच्या वाफ्यावर पडलेली, आणि तो तिथेच विडी ओढत उभा.

“ऐन कुनी तोडला रं?” मी विचारलं.

“मी तोडला. बांदावरचा हाय त्यो. तुज्या एकल्याचा नाय.”

“बुंदा बघ कुठं हाय. आमच्या हद्दीत हाय.”

तो हसला. म्हणाला, “तू समुद्राचा चिखल मोज, जा. तुला कवळ कशाला पायजे?”

माझ्या हातात कोयता होता. तो मी उलटा धरलेला होता, पातं माझ्याकडे आणि मूठ बाहेर, हे माझं नशीब आणि त्याचंही. मुठीचा टोला त्याच्या गळ्याच्या हाडावर बसला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. पडता पडता त्याने माझी मान धरली आणि आम्ही दोघं माझ्या पेटत्या राबावर आडवे झालो. डावा खांदा, मान आणि अर्धं डोकं गरम राखेत. केस चरचरले. तरीही मी त्याच्या तुटलेल्या बाजूवरच मारत होतो, ती तुटली आहे हे कळल्यावर मुद्दाम तिथेच. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या शेतातले दोघं धावत आले आणि आम्हाला ओढून वेगळं केलं, नाहीतर कुठे थांबलो असतो सांगता येत नाही.

घरी गेलो असतो तर आईने अंग पाहिलं असतं. म्हणून विहिरीवर तोंडावर चार ओंजळी पाणी मारलं, बाइकला लाथ घातली आणि नेरळ, कर्जत, पळसदरी करत थेट साजगाव गाठलं. तोच शर्ट, वर पांढरा कोट. काकांनी पाहिलं, म्हणाले, “भुवई जळली की रं तुजी.” मी म्हटलं, राब. त्यांनी मान हलवली. इकडे चैत्रात भुवई जळलेला माणूस नवलाचा नाही.

त्या दिवशीचं काम वाळलेला गाळ चाळण्याचं होतं. गोठवून वाळवलेल्या गाळाचं पीठ होतं, ते बारीक चाळणीतून काढायचं, मोजून कुपीत घ्यायचं. मी बाराही जागांचं पीठ चाळणीवर मान वाकवून चाळलं. सोबत ब्लँक केला. ब्लँक म्हणजे गाळ न घातलेली कुपी. तिच्यावर बाकीच्यांसारखेच सगळे सोपस्कार करायचे आणि शेवटी तिच्यात काही सापडता कामा नये. सापडलं तर ते समुद्रातलं नाही, आपल्या घरचं. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तुला कवळ कशाला पायजे.

संध्याकाळी घरी गेलो तर चुलता दारात उभा राहून शिव्या देत होता. पोराचं हाड मोडलं होतं, पेरणीचा हंगाम तोंडावर आणि एक हात गळ्यात. आई आतून बाहेर आली नाही. वडील ओट्यावर बसून सगळं ऐकत राहिले आणि चुलता गेल्यावर मला म्हणाले, “मारायचा तर नीट मारायचा. शिव्या द्यायला त्याचा बाप आला नसता.” त्यांना ते सांत्वन वाटत होतं. मला तेव्हा बरं वाटलं, हीच लाजेची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुप्या पहिल्या यंत्राला लावल्या. हे यंत्र साधं आहे. प्रकाश टाकतं, तेलाच्या जातीचं काही असलं तर ते चमकतं, आणि किती चमकलं तेवढा आकडा देतं. काय चमकलं हे मात्र ते सांगत नाही. ब्लँक लावला. शून्याच्या आसपास यायला हवा होता. आला तो गाळाच्या बरोबरीने. परत लावला. तोच.

त्याच वेळी काका धुतलेल्या काचेचा ट्रे घेऊन खोलीत आले.

“भट्टी लावली होती का?” मी विचारलं.

“लावली व्हती की. पुरे सा तास.”

“मग ब्लँकमध्ये हे काय आलंय?”

त्यांनी मान पुढे करून पडद्याकडे पाहिलं. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. सरळपणाने म्हणाले, “काच तर सोच्छ दिली व्हती. पुढं समदं तुज्याच हातनं गेलंय नव्हं?”

मी उघड्या पंजाने मारलं. त्यांच्या डाव्या कानावर. पंजा कानावर सपाट बसला की एक पोकळ आवाज येतो, तो मला माझ्या हातात आला. ट्रे सुटला. सगळी काच खाली, आणि काका त्या काचेत बसले, हात टेकून, तळहातातून रक्त. थोडा वेळ कान दाबून बसले आणि मग दुसऱ्या हाताने काचा गोळा करू लागले. काचा गोळा करताना माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, चूक कबूल आहे म्हणून बघत नाहीत.

वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला वांगं दोषीच दिसत होतं. आवाज ऐकून मॅडम आल्या तेव्हा मी ठणकावून सांगितलं की भट्टी न लावता काच दिली, अख्खी खेप नासली. मॅडम मला जे बोलायचं ते बोलल्या, पगार कापीन, लेखी माफी दे, म्हणाल्या. पण यंत्र चालवणारा मी एकटा आणि अहवालाची तारीख डोक्यावर. त्यांनी काकांना हाताला पट्टी बांधून घरी पाठवलं आणि काचेची चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. काका जाताना दारात थांबले, म्हणाले, “सा तास लावली व्हती मॅडम.” आणि गेले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यात चोराला निदान ठाऊक तरी असतं. मला तेवढंही ठाऊक नव्हतं.

तीन दिवसांनी दुसऱ्या, मोठ्या यंत्राचा कागद हातात आला. हे यंत्र आकड्यावर थांबत नाही, एकेक घटक वेगळा करून दाखवतं. तेलाचा आणि जाळाचा चेहरा त्यात वेगळा दिसतो. तेलात प्रत्येक मूळ घटक आपल्या पोराबाळांसकट येतो, त्याच्यामागे धाकटे, त्यांच्यामागे आणखी धाकटे, आणि गर्दी पोरांचीच जास्त. लाकूड, पाला, गवत जळतं तेव्हा उलटं. बाप उंच, एकटा, आणि पोरं जवळपास नाहीतच. काच नीट भाजली नसती तर जुन्या कामातलं तेल दिसलं असतं, रसायन दिसलं असतं, साबण दिसला असता. ब्लँकमध्ये यातलं काहीच नव्हतं. ब्लँकमध्ये जाळ होता, लाकूड आणि पाला धुमसल्याचा. तोच बाराही कुप्यांत.

मी उठून खुंटीवरचा कोट उतरवला. कॉलर उलटी केली. शिवणीत करडी राख होती, बोटाला लागेल एवढी.

यंत्रासमोरच्या खुर्चीवर मी दोन तास बसलो. कुणाला काही कळणार नव्हतं. अहवालात ‘काच अस्वच्छ’ एवढी तळटीप टाकून हेच आकडे पाठवले की झालं. काका शिकलेले नाहीत, हे कागद त्यांना वाचता येणार नव्हते आणि ते भांडणारेही नव्हते. माझी नोकरी राहिली असती. शिवाय घरी पोलीस येऊन गेले होते, चुलत्याने तक्रार दिली होती, त्यात ही दुसरी मारहाण. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, अजूनही, राग होता. काका ‘तुज्याच हातनं’ म्हणाले ते खरं निघालं याचा राग. एवढा नीचपणा माझ्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

उठवलं मला त्या गाळाने. हा आकडा असाच गेला असता तर त्या समुद्राच्या तळाला माझा राब कायमचा चिकटला असता. पुढे कधी तिथे खरं तेल सांडलं असतं तर कुणीतरी कागद पुढे करून म्हणालं असतं, बघा, आधीच एवढं होतं. तिथल्या मासेमाऱ्यांना मी ओळखत नाही. पण पोशीरच्या बांधावरचं भांडण त्यांच्या माथी मारायचं हे काही पटेना. मॅडमच्या खोलीत गेलो, कागद आणि कोट टेबलावर ठेवले आणि म्हणालो, “हा राब आहे. माझा. काकांची काच चांगली होती.”

मॅडमनी कॉलर पाहिली. त्या ओरडतील म्हणून मी अंग घट्ट धरून उभा होतो. त्यांनी फक्त विचारलं, “फ्रीजरमध्ये किती गाळ शिल्लक आहे?” दहा जागांचा होता, दोन जागांचा संपला होता. तो परत आणता येणार नव्हता, कारण तिथे खांब ठोकायला सुरुवात झाली होती. अहवालात त्या दोन ओळी आजही कोऱ्या आहेत. बाकीच्या दहा जागांचं पीठ दुसऱ्या माणसाने, अंघोळ करून आलेल्या, नव्याने चाळलं आणि मग मी यंत्राला लावलं. आकडा खूप खाली आला. मॅडम मला म्हणाल्या, “तुझं काय करायचं ते मी नंतर बघते. आधी तू स्वतः जा आणि त्यांना घेऊन ये.”

काकांचं घर साजगावातच, कारखान्यांच्या मागच्या आळीत. काकू अंगणात चुलीवर अंघोळीचं पाणी तापवत होत्या, हातात लोखंडी फुंकणी. मी कोण ते सांगितलं. त्या उठल्या आणि फुंकणीने मला मारलं. पहिला फटका दंडावर, दुसरा भाजलेल्या खांद्यावर. खांद्यावरची खपली फुटून शर्ट ओला झाला. मी हात वर केला नाही. वडिलांचा सोडला तर माझ्या आयुष्यात तो पहिला मार, ज्याला मी उलटा हात केला नाही, आणि खरं सांगतो, हाताची बोटं तेव्हाही वळत होती.

“डाव्या कानानं ऐकाया येत नाय त्यांना,” त्या म्हणाल्या. “मागनं तीनदा हाक मारली तरी बगत नाय. बापाच्या वयाच्या मानसावर हात टाकतूस? कुनी वाढवला रं तुला?”

“जाऊ दे गं,” काका दारातून म्हणाले. आणि मग मला, काही झालंच नाही अशा आवाजात, “काचंचं काय झालं? उद्यापासनं येऊ का कामाला?”

मी त्यांना सांगितलं की काच चांगली होती, चूक माझी होती. कान दाखवू, असंही म्हटलं. काका नको म्हणत होते, काकूंनी ऐकलं नाही.

खोपोलीच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांनी काकांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बाहेरून बघत होतो. उजव्या कानाला काकांचा अंगठा हलत होता. डाव्या कानाला बराच वेळ हलला नाही. मग आम्ही डॉक्टरांसमोर बसलो, काकांच्या उजवीकडे काकू, डावीकडे मी.

“पडद्याला भोक पडलं होतं, ते भरतंय,” डॉक्टर म्हणाले. “पण आतली नस कमजोर आहे, आणि ते भरून येणारं नाही. आधी कुठे काम करायचात?”

काकूंनी सांगितलं, रोलिंग मिल, सोळा वर्षं.

“कानात काही घालायचे?”

“कदीमदी कापूस.”

“मग कसं आहे,” डॉक्टर म्हणाले, “उजवा कानही थोडा उतरलाय, म्हणजे मिलचा हात त्यात आहेच. डाव्याचं किती मारामुळे गेलं आणि किती आधीच गेलं होतं, हे आता कुणी सांगू शकत नाही. आधी कधी कान तपासून घेतला होता का?”

“नाय,” काकू म्हणाल्या.

“मग आधीचं काही माहीतच नाही,” डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. शरमेने लिहितो, पण उतरला. सोळा वर्षांची मिल माझ्या बाजूने साक्षीला आली होती. गप्प बसून राहायचं, एवढंच काम होतं. अशी माणसं मी तेल सांडल्यानंतरच्या बैठकांत पाहिली आहेत. आधीचा आकडा नाही असं कळलं की ती खुर्चीत मागे टेकून बसतात. मीही तेव्हा मागे टेकलेलो होतो. पाठ खुर्चीला लागली आणि ते मला कळलं.

“यांना ऐकू येत होतं,” मी म्हणालो. “मी सांगतो. पलीकडच्या खोलीतल्या पंपाचा आवाज जरा बदलला तरी हे धुता धुता सांगायचे, त्यातला बेअरिंग गेलाय म्हणून. मला, पंपाशेजारी बसून, कळत नसे. गेल्या महिन्यापर्यंत. आणि कानावर मारलं ते मी. उघड्या पंजाने, पूर्ण ताकदीनिशी. हे लिहा.”

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होते. डॉक्टर आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर ते काकूंकडे वळले.

“काय म्हंतुया त्यो?” त्यांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठलो, काकांच्या उजव्या बाजूला गेलो आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.